किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचंय? मग आधी बुटांचं ठरवा

रेवसपासून रेडीपर्यंत, किंवा निदान गुहागर ते गणपतीपुळे, मालवण ते शिरोडा असा किनाऱ्याकिनाऱ्याने पायी जायचा बेत करणारे आता पुष्कळ भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कुठल्या कंपनीचे बूट घेऊ? कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी वाट, ऋतू, पाठीवरचं ओझं आणि स्वतःचा पाय यांचा विचार झाला, तर निम्मी दुकानं आपोआप गळतात.

हिवाळ्यात गडावर जाताना पाय कोरडा ठेवता येतो. किनाऱ्यावर ते जमत नाही. मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो, होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, लाट अंदाजापेक्षा दोन हात पुढे येते. यातलं काहीच झालं नाही तरी दमट हवेत घामानेच मोजे भिजतात. म्हणून पाणी आत येऊ न देणाऱ्या बुटाच्या मागे लागू नका. आत आलेलं पाणी चटकन बाहेर सोडणारा आणि तासाभरात हलका होणारा बूट घ्या. पुढचं सगळं याच एका गोष्टीला धरून आहे.

वाट कशाची आहे ते लिहून काढा

रोजचा टप्पा कागदावर मांडा आणि त्याच्यासमोर पायाखाली काय येणार ते लिहा. मोबाइलच्या नकाशावर उपग्रहाचं चित्र लावलं की बरंच कळतं.

किनारा म्हटलं की डोळ्यांसमोर पुळण येते, पण सलग पुळण फार थोडी. अलिबागच्या खाली आक्षी, नागाव, रेवदंडा. पुढे दिवेआगर, गुहागर. आचऱ्याच्या खाली तोंडवळी-तळाशील. शिरोडा-आरवली अशा पट्ट्यांत मनसोक्त वाळू मिळते. मधल्या भागात डोंगराची सोंड थेट समुद्रात उतरते. तिथे वर चढून सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, किंवा डांबरी रस्त्यानेच जावं लागतं. खाडी आली की आत वळायचं किंवा फेरीबोट धरायची: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. हिशेब केलात तर दिसेल की कित्येक दिवशी निम्मं चालणं डांबरावरच होतं. किनाऱ्याची वाट म्हणून नुसते सँडल घेऊन निघालेल्यांचे तळवे इथेच भरून येतात. डांबराला तळाशी गादी लागते.

ओल्या वाळूवर कुठलाही बूट चालतो. कोरड्या, भुसभुशीत वाळूत मात्र प्रत्येक पावलाला टाच रुतते आणि कडक जमिनीच्या जवळपास दुप्पट मेहनत पडते. तिथे जड बूट घालून चालणं म्हणजे पोटऱ्यांवर अन्याय आहे.

वाळूबद्दल आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. पुळणीला समुद्राच्या बाजूने उतार असतो. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला चाललात तर समुद्र सतत उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय सतत खालच्या अंगाला. दोन्ही पाय बुटात उताराकडे सरकतात: उजव्या पायाची करंगळी बुटाच्या बाहेरच्या भिंतीला घासते आणि डाव्या पायाचा अंगठा आतल्या भिंतीला. फोड नेमके याच दोन जागी येतात. पुढे रुंद असलेला बूट घ्यायचं हे एक मोठं कारण. दुसरा उपाय म्हणजे पाणी जिथे सपाट पसरतं त्या पट्ट्यातून चालणं, आणि तो पट्टा फक्त ओहोटीला मिळतो.

कातळाचं गणित वेगळं. कोरडा जांभा दगड पायाला उत्तम पकड देतो, पण तो खरखरीत असल्याने मऊ तळ भराभर झिजवतो. लाटा खेळतात तिथला काळा खडक हिरवा दिसला की त्यावर कुठल्याही बुटाचा भरवसा धरू नका. ओल्या शेवाळावर महागातला तळही सरकतो. तिथे काठी, छोटी पावलं आणि जमलं तर दुसरी वाट. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग डोळ्यांसमोर आणा. भरतीच्या वेळी तिथे उतरायचंच नसतं आणि ओहोटीलाही पाय जपून टाकावा लागतो. फेरीबोटीच्या धक्क्यांचे उतार तर सगळ्यात फसवे. आपण उतरायच्या घाईत असतो आणि खालचे चार-पाच हात शेवाळाने बुळबुळीत झालेले असतात.

खडकाला चिकटलेली कालवं (एक प्रकारचे शिंपले) पायाला ब्लेडसारखी कापतात. ओहोटीला कालवं काढायला उतरणाऱ्या बायकांच्या पायांकडे बघा. अनेकींच्या पायात बंद प्लॅस्टिकचे बूट असतात आणि आत जुने मोजे. रोज त्या खडकावर वावरणाऱ्या माणसांनी बोटं झाकून घेतली आहेत, यापेक्षा वेगळा सल्ला मला द्यायचा नाही. खडकावर उघड्या बोटांनी जाऊ नका.

खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, चिखल आणि तिवरांची वर आलेली मुळं शक्यतो टाळाच. जावंच लागलं तर घट्ट बांधलेला बूट हवा. अंगठ्याची स्लीपर चिखल एका ओढीत गिळतो आणि मग हात कोपरापर्यंत घालून ती शोधत बसावं लागतं.

तिथी बघून निघा

बुटांच्या लेखात तिथी कशाला, असं वाटेल. पण कुठल्या वेळी पायाखाली कडक वाळू असेल हे तिथीवर ठरतं, आणि कडक वाळू मिळाली की पायांचं निम्मं काम हलकं होतं.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा तोंडचा हिशेब आहे. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उलट: भरती साडेअकरा-बाराच्या आसपास, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पुढे रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. यातून चालणाऱ्याला एक सोपी सोय मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्येला निघालात तर पुढचे चार दिवस सकाळच्या थंड वेळात रुंद, कडक पुळण मिळते. अष्टमीच्या आसपास निघालात तर सकाळी समुद्र वर चढलेला असतो, तुम्ही भुसभुशीत वाळूत ढकलले जाता आणि कडक पट्टा उघडतो तो भर उन्हात.

हा हिशेब बेत आखायला पुरतो. खडकावरून किंवा खाडीच्या मुखाजवळून जायचं असेल तेव्हा त्या दिवसाचं छापील वेळापत्रक बघा आणि गावातल्या कोळी बांधवांना विचारा. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पाणी जितकं मागे जातं तितकंच वेगाने चढतं.

पाय मापून घ्या

आपला नंबर आठ आहे हे माहीत असणं पुरेसं नाही. कॉलेजात असताना घेतलेला नंबर लोक आयुष्यभर सांगत राहतात. वयाबरोबर आणि वजनाबरोबर पाऊल पसरतं. शिवाय लांब चालताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाय सुजतात.

संध्याकाळी, दिवसभर उभं राहून झाल्यावर, भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा. पाठीवर प्रवासाला नेणार तेवढं वजन घ्या, कारण ओझ्याखाली पाऊल लांबतं आणि रुंदावतं. सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा आणि टाचेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. चवड्याची रुंदीही मोजा. दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठा पाय धरून चाला.

या मापापुढे बुटात १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडच्या नंबरांत एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, त्यामुळे रोजच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा लागतो. दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणतो. रुंदीला थोडा सैल होईल, लांबीला होत नाही.

लहानपण चपलांत किंवा अनवाणी गेलेल्यांचा चवडा बहुधा रुंद असतो, बोटं पसरलेली असतात. कित्येक बुटांचे साचे पुढे निमुळते असतात आणि असा पाय त्यात कोंबला की करंगळीला भोवरी ठरलेली. बायकांच्या बुटांत ही अडचण जास्त येते. त्यांनी रुंदीसाठी पुरुषांच्या विभागातला बूट घालून बघायला अजिबात संकोचू नये.

कुठला जोड घ्यावा

माझं मत स्पष्ट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाठीवर आठ-दहा किलोपर्यंत ओझं घेऊन किनाऱ्याने चालायचं असेल, तर घोट्याच्या खाली राहणारा, जाळीदार कापडाचा, हलका ट्रेल रनिंगचा (डोंगरवाटांवर धावण्यासाठीचा) किंवा हायकिंगचा बूट मुख्य जोड म्हणून घ्या. सोबत मागे पट्टा असलेले, बोटं झाकणारे सँडल ठेवा. दोन जोडांची सांगड या किनाऱ्याला बसते. डांबर, सडा, पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) बुटांत. व्हाळ, होडी, खडक आणि संध्याकाळचं गाव सँडलमध्ये.

हलक्या बुटावर एवढा भर का? दहा किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय साडेसहा हजारांहून जास्त वेळा उचलला जातो. बूट ३०० ग्रॅमने जड असेल, तर दहा किलोमीटरमध्ये एकेका पायाने जवळपास दोन टन जादा वजन उचललेलं असतं. पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार-पाच पट जास्त दमवतं. चामड्याचा उंच बूट एकेक सहा-सातशे ग्रॅमपर्यंत जातो आणि भिजला की आणखी जड होतो. खाऱ्या पाण्याने चामडं आखडतं, तडकतं. कोल्हापुरी चपलांनाही हेच लागू, त्या भिजवायच्या नसतात.

जलरोधक पडद्याचे, गोअर-टेक्ससारखे बूट थंड प्रदेशात मोलाचे आहेत. इथे त्यांचा त्रास होतो. आतली वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते, आणि कोकणची हवा तशी नसते. त्यामुळे पाय स्वतःच्या घामातच भिजत राहतो. गुडघाभर पाण्यात उतरलात की वरून पाणी आत शिरतं आणि त्याच पडद्यामुळे बाहेर निघत नाही. दुकानदार हीच जोडी सगळ्यात महाग म्हणून सगळ्यात चांगली सांगेल. नम्रपणे नाही म्हणा.

जाळीचा एक तोटा मात्र खरा आहे: बारीक वाळू आत येते. फार मोकळी जाळी घेऊ नका, दाट विणीची घ्या. जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून बुटाच्या तोंडावर ओढून घेतला की वरून उडणारी वाळू बरीच अडते.

उंच घोट्याचा बूट कुणी घ्यावा? ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळलेला आहे, ज्यांच्या पाठीवर पंधरा किलोच्या वर ओझं आहे, किंवा ज्यांची वाट मुख्यतः सड्यांवरच्या गवतातून जाते, त्यांनी. तोही कापडाचा, पडद्याशिवाय.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं चाललेले अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट तुमच्या पायाला आधीच बसलेले असतील, तर नवे घेण्याची सक्ती नाही. आतलं इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, बदलून जाडसर घाला, डांबरावर फरक जाणवेल. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट हजारो वारकरी साध्या चपलांत चालतात. ते जमतं, कारण त्यातले कित्येक पाय वर्षभर तशाच चपलांत शेतात राबलेले असतात. सवयीच्या जोडीला मोल आहे. एरवी ऑफिसच्या बुटात असणाऱ्याने मात्र त्यांचं बघून चपला घालून निघू नये.

सँडल घेताना पट्टे कसे बांधायचे ते बघा. वेल्क्रोच्या काट्यांत वाळू आणि तंतू अडकले की दोन-तीन दिवसांत पकड सुटते. बकल किंवा ओढून घट्ट करायची दोरी बरी. पट्ट्याच्या आतल्या बाजूची शिवण बोटाने चाचपा. ओल्या कातडीला तीच आधी कापते.

दुकानात काय काय करून बघायचं

संध्याकाळी जा. प्रवासात वापरणार तेच मोजे घाला. जमलं तर पिशवीत वजन भरून न्या, लोक बघतील, बघू द्या.

आधी बुटातलं इनसोल बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. पुढे अंगठ्याच्या रुंदीची पट्टी मोकळी दिसली पाहिजे आणि करंगळी बाजूने बाहेर येता कामा नये. इतकी साधी गोष्ट, पण चुकीचे निम्मे जोड इथेच बाद होतात.

मग दोन्ही बूट घालून नाडी बांधा आणि जिन्यावर चढ-उतार करा. उतरताना बोटं पुढे आपटली तर तो बूट सोडा. कातळावरून बंदराकडे उतरणाऱ्या पाखाड्यांवर तीच बोटं काळी पडतील. चढताना टाच आत वर-खाली होत असेल तर नाडी शेवटच्या दोन भोकांतून फास करून बांधून बघा. तरीही होत असेल तर साचा तुमचा नाही.

बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी, बोटं जिथे वळतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर तळात दम नाही. तळाच्या रबरात नख रुतवून बघा. किंचित दबलं तर ओल्या दगडावर पकड बरी मिळते. प्लॅस्टिकसारखं कडक लागलं तर तो बूट धक्क्यावर घसरवणार. खाचा तीन ते पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकींपासून लांब असाव्यात, म्हणजे चिखल आत बसून राहत नाही.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपल्याशिवाय बाहेर घालू नका. खोलीतच तास-दोन तास वावरा. ठेवायचा हे नक्की झालं की बुटात तांब्याभर पाणी ओता, उपडा करा, मोज्यांसकट पायात घाला आणि वीस मिनिटं चाला. वीस मिनिटांनंतरही आत पचपच वाजत असेल तर जिभेचा आणि टाचेचा स्पंज फार जाड आहे. असा बूट कोकणात दिवसभर ओला राहतो.

शिलाई

आजकालच्या बहुतेक बुटांचा तळ नुसता चिकटवलेला असतो. ऊन, खारं पाणी आणि दमटपणा यांनी तो गोंद सुटतो, आणि सुटतो तो हमखास दोन गावांच्या मधे. म्हणून निघण्याआधी मोच्याकडे जाऊन तळाला कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्या. सुती दोरा भिजून कुजतो. ज्यांच्या तळाला बाजूने वर आलेली रबराची कड असते, त्या बुटांना शिलाई उत्तम बसते. नुसत्या मऊ फोमला टाका धरत नाही, तो फाडतो. तिथे कारागिराचं ऐका आणि पुढच्या टोकाला फक्त चांगला गोंद लावून घ्या. सोबत जाड सुई, नायलॉनचा दोरा, फेविक्विकची छोटी नळी आणि चार प्लॅस्टिकचे बंध ठेवा. याचं वजन काहीच नाही.

मोज्यांत काटकसर नको

सुती मोजे घरी ठेवा. सूत पाणी धरतं, कातडी भिजून पांढरी आणि मऊ होते, आणि मग वाळूचे कण पॉलिशपेपरचं काम करतात. पातळ लोकरीचे किंवा नायलॉन-पॉलिस्टरच्या मिश्रणाचे तीन जोड पुरतात: एक पायात, एक पिशवीला अडकवून वाळत, एक फक्त झोपताना. ज्यांना बोटांच्या मधे फोड येतात त्यांनी पाच बोटांचे मोजे वापरून बघावेत.

मोजे समुद्रात धुऊ नका. मीठ हवेतली ओल ओढतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण स्वतःच पाझरायला लागतात, आणि किनाऱ्यावरच्या रात्री ती सहज त्याच्या वर असते. म्हणून खाऱ्या पाण्यात पिळलेला मोजा दोरीवर रात्रभर ठेवला तरी सकाळी ओलाच लागतो. गावात विहिरीचं गोडं पाणी मागा. कुणी नाही म्हणत नाही.

निघण्याआधी सराव

निदान दीड-दोन महिने आधी बूट घ्या. सुरुवातीला तीन-चार किलोमीटर रिकाम्या हाताने, मग हळूहळू वजन वाढवत एका दिवसात पंधरा किलोमीटरपर्यंत या. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, मुंबईकरांना जुहू-आक्साची वाळू आहे. दोन वेळा मुद्दाम बूट भिजवून चाला, कारण कोरड्या सरावात न दिसलेल्या जागा ओल्या पायाला बोचतात. लागोपाठ दोन दिवस चाला. दुसऱ्या दिवशीचा पाय वेगळंच बोलतो. नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल काढू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून ते घ्या.

वाटेवर

पायात कुठेही चटका बसल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबा. पुढच्या वळणावर, झाडाखाली, चहाच्या टपरीवर असं म्हणत गेलात तर तोवर फोड आलेला असतो. बूट काढा, वाळू झटका, पाय कोरडा करा आणि त्या जागी कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. पट्टीचे कोपरे गोल कापले की ती निघत नाही.

पाण्यात उतरायचं असेल तेव्हा अनवाणी जाऊ नका. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दबलेली असू शकते, बंदरांजवळ गळ, काचा, शिंगाळा माशाचे काटे पडलेले असतात. सँडल घालून पाय न उचलता घासत पुढे न्या, म्हणजे पाकट बाजूला सरते. तिचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

बूट भिजलेच तर पहिली दहा मिनिटं चालून पाणी बाहेर पडू द्या, मग थांबून मोजे पिळा. दुपारच्या मुक्कामाला बूट, मोजे, इनसोल तिन्ही सुटे करून सावलीत वाऱ्यावर ठेवा. पाय किमान अर्धा तास उघडे राहिले पाहिजेत. बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून खाज सुटली तर त्या चिखल्या आहेत. कोरड्या फडक्याने टिपा, बुरशीनाशक पावडर लावा, रात्री मोजे घालू नका. सकाळी निघताना टाचेला आणि बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळलं की घर्षण कमी होतं. चिकटपट्टी लावायच्या जागा मात्र वगळा.

छोटा फोड फोडू नका. मोठा, ताठलेला आणि चालू देत नसेल तर सुई जंतुनाशकाने पुसून कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि मलमपट्टी करा. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर चालणं थांबवा. कालवांनी कापलेली जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने खळखळून धुवा, आतले कवचाचे तुकडे काढा.

मधुमेह असलेल्यांनी पुळणीवरही अनवाणी चालू नये. तळव्याची जाणीव अनेकदा कमी झालेली असते, तापलेल्या वाळूचा चटका आणि काचेचा तुकडा दोन्ही कळत नाहीत. रोज रात्री टॉर्च लावून, सोबत्याला दाखवून, तळवे तपासा. यात लाजण्यासारखं काही नाही.

सडा आणि रात्र

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर फुरसं (एक विषारी साप) आढळतं. लहानसं असतं, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं आणि दगडांच्या कपारीत बसतं. सड्यावर, विशेषतः कातळशिल्पं बघायला पायवाट सोडून फिरताना, बंद बूट आणि लांब, जाड पँट हवीच. सँडल पिशवीतच राहू द्या. संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय. बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही.

लाल विंचूही याच मुलखातला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि कोकणातल्या कितीतरी माणसांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून निष्काळजी राहायचं नाही. रात्री बूट अंगणात किंवा ओसरीच्या कोपऱ्यात ठेवू नका, उंचावर अडकवा. सकाळी उपडे करून दोनदा आपटा आणि मगच पाय घाला.

ओले बूट चुलीपाशी वाळवायचा मोह टाळा. आचेने गोंद सुटतो आणि फोम आकसतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. सकाळपर्यंत ते घालण्याजोगे होतात.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर किनाऱ्याने लांब पल्ला टाळावा असंच मी म्हणेन. व्हाळ नद्या होतात, सड्याचा जांभा शेवाळाने काळा आणि निसरडा होतो. शेतांच्या बांधांवरून जायची वेळ आलीच तर पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशाच जखमेतून शिरतात आणि कोकणात दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात. गमबूट शेतात ठीक आहेत, रोज वीस किलोमीटर चालायला नाहीत. आतला घाम बाहेर जात नाही आणि पिंढरीला कड घासते.

परत आल्यावर

घरी पोचल्यावर बूट गोड्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा, पाणी बदलून पुन्हा धुवा. नाड्यांच्या भोकांत आणि जिभेखाली मीठ आणि वाळू साचलेली असते, ती जुन्या दातांच्या ब्रशने काढा. इनसोल वेगळं वाळवा.

तळाचा फोम साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बसतो. वरून बूट नवा दिसतो, पण गुडघे आणि टाचा दुखायला लागतात. बूट टेबलावर ठेवून मागून बघा; एका बाजूला कललेला दिसला तर लांबच्या वाटेसाठी तो संपला, बाजारहाटाला वापरा.

काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक असतं. दमट हवेत ते न वापरताही आतून विरत जातं आणि चार-पाच वर्षं कपाटात जपून ठेवलेला बूट पहिल्याच चढावर तळ सोडतो. म्हणून कोकणातल्या घरात बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. हवा खेळेल अशा फडताळात ठेवा, अधूनमधून घालून चाला, आणि पुढच्या बेताच्या महिनाभर आधी तळ दोन्ही हातांनी पिळून बघा. भुगा पडला किंवा कडेला चीर दिसली, तर नवा जोड बघायला लागा.